चिरूट सुकले नाही पाह्यजे

मलकापुरात कोणालाही विचारा, आत्माराम मिस्त्री कोण. पत्ता सांगायच्या आधी माणूस हसेल. मी या हातांनी दारं केली, पाळणे केले, शाळांचे बाक केले, सरकी काढायच्या जिनांचे दरवाजे केले. माझ्या पाळण्यात झोपलेली पोरं आता पुढारी झाली आहेत आणि भर सभेत झोपतात. तेवढा माझ्या कामाचा गुण अजून टिकून आहे. पण माझं नाव निघतं ते एका पेटीवरून. "तेच ना मिस्त्री, ज्याईच्या पेटीत देशमुखाच्या चिरुटाले कीड लागली?" हो, तोच मी.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातला एखादा अनुभव लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांच्याही मनात तीच पेटी होती. तोंडावर दिसत होतं. इतकी वर्षं मी त्या पेटीबद्दल चकार शब्द काढला नाही. आता लिहितो आहे तो देशमुखांच्या घरातल्या एका माणसाची परवानगी घेऊन. परवानगी हसत हसत मिळाली, ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून यायचे, कापूस मुंबईला जायचा आणि साग मेळघाटातून माझ्या दुकानात यायचा. कापसाच्या हंगामात मी जिनांची डागडुजी करायचो आणि एरवी लोकांना खोटे वायदे द्यायचो. होळीनंतर देतो म्हणायचं आणि पोळ्याला द्यायचं, ही आमच्या धंद्याची रीत. दुकानात मी आणि पॉलिशवाले करीमभाई, असे दोघंच. करीमभाईंचा हात इतका साफ होता की माझे सांधे कितीही वाकडे असोत, त्यांच्या पॉलिशखाली सगळे शहाणे दिसायचे.

फाल्गुनातल्या एका दुपारी धामणगाव बढ्याहून देशमुखांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, माझ्या दारात येऊन उभी राहिली. बाईसाहेबांनी बोलावलं आहे, मापाची पट्टी घेऊन या, एवढाच निरोप. अण्णासाहेब देशमुख नुकत्याच सरलेल्या दिवाळीच्या सुमाराला वारले होते. ते ऑनररी मॅजिस्ट्रेट होते. डिप्टी कमिशनर साहेबांचा तंबू गावाबाहेर पडला की त्यांची ऊठबस तिकडे असायची आणि तिथूनच त्यांना चिरुटाची सवय लागली होती. दक्षिणेकडून, दिंडीगलहून, त्यांचे चिरूट रेल्वेनं मलकापूर स्टेशनात उतरायचे. शेवटचं मोठं पार्सल आलं आणि आठवड्याच्या आतच ते गेले.

बाईसाहेबांना मी पहिल्यांदाच बघत होतो. पन्नाशीच्या आतबाहेर, उंच, आणि शब्द तोलून बोलणाऱ्या. त्यांच्या मागे सखू उभी होती. ती त्यांच्या लग्नात माहेराहून पाठराखीण म्हणून आली ती तिथलीच झालेली. बाईसाहेबांनी एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. पातळ फळ्यांचं, कडा उचकटलेलं, आत थरावर थर चिरूट. त्या एवढंच म्हणाल्या, "मिस्त्री, हे चिरूट सुकले नाही पाह्यजे. काय लागन ते करा."

बस्स. यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. बाकी सगळं माझं मीच रचलं. परतीच्या वाटेवर दमणीत बसून मी विचार करत होतो की नवरा गेला, त्याच्या हातची शेवटची वस्तू मागे राहिली, आणि ही माउली तिचा वास जपू पाहते आहे. वाटेतलं मोताळा यायच्या आत मी डोळे पुसत होतो. गाडीवान विचारत होता की धूळ गेली का. मी म्हटलं, हो, धूळच गेली.

आता ज्यांनी चिरूट कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विडीत तंबाखू असतो आणि वरून टेंभुर्णीचं पान असतं. चिरुटात आतही तंबाखूचं पान आणि बाहेरही तंबाखूचंच पान. हे पान हवेतली ओल घेतं आणि सोडतं, लाकडासारखंच. आमच्याकडे उन्हाळ्यात दारांच्या फळ्या आकसतात आणि फटींतून शेजाऱ्याचं घर दिसायला लागतं; तेच चिरुटाचं. वरचं पान तडकतं, आतला अर्क उडून जातो आणि उरतो तो नुसता काडीकचरा. उलट पावसाळ्यात दारं फुगून बसतात, तेव्हा चिरुटावर पांढरी बुरशी येते. म्हणजे पेटीचं काम काय, तर बाहेर वैशाख असो की आषाढ, आत मात्र बारा महिने भाद्रपदातली सकाळ पाहिजे. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, पेटी म्हणजे पेटी. चार बाजू, बूड आणि झाकण.

पहिली पेटी मी जुन्या सागाची केली. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सरळ सांधे त्या पेटीला होते. म्हणून मी करीमभाईंना सांगितलं, बाहेरून करा आणि आतूनही करा. त्यांनी आतून असं पॉलिश चढवलं की झाकण उघडलं की आपलं तोंड दिसावं. मी पेटी घेऊन धामणगावला गेलो आणि बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून जरा बाजूला तोंड करून उभा राहिलो. पुढल्या बाजाराला सखूबरोबर निरोप आला की चिरुटांना वार्निशाचा वास मारतो.

बरोबरच होतं. स्पिरिट आणि लाखेचा वास बंद पेटीत दुसरीकडे जाणार कुठे? शिवाय पॉलिश केलेलं लाकूड ओल घेत नाही आणि देत नाही. आतलं लाकूड उघडं पाहिजे, हा पहिला धडा मी देशमुखांच्या चिरुटांवर शिकलो.

दुसऱ्या वेळी मी ठरवलं की जाणकाराला विचारायचं. स्टेशनच्या मालधक्क्यावर एक इंग्रजी येणारे बाबू होते. ते म्हणाले, विलायतेत या कामाला देवदार वापरतात. मी लगेच देवदाराच्या फळ्या मिळवल्या आणि पेटीला आतून अस्तर लावलं. त्यांचं विलायतेतलं झाड वेगळं आणि आपला हिमालयातला देवदार वेगळा, हे ना त्यांना माहीत ना मला. आपल्या देवदाराला राळेचा असा भपका असतो की पेटी उघडली की वाटावं कोणी तरी धूप घालतं आहे. त्यावर माझी स्वतःची अक्कल म्हणजे मी किडे होऊ नयेत म्हणून तळाला कडुनिंबाचा पाला अंथरला. गहू टिकतात तर चिरूट का टिकणार नाहीत, असा माझा हिशेब.

या वेळी बाईसाहेबांनी मला समोर बोलावून सांगितलं, "मिस्त्री, कडू झाले. तोंड धुतलं तरी जात नाही."

हे वाक्य मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं. तोंड धुतलं तरी जात नाही. कोणाचं तोंड, कशाला धुतलं, हा प्रश्न एखाद्या लहान पोरालाही पडला असता. मला पडला नाही. मी मान खाली घालून चूक कबूल केली, पाला काढला आणि पतिव्रतेला किती बारीक कळतं म्हणून मनातल्या मनात हात जोडले.

तिसऱ्या पेटीचं उत्तर माझ्या दुकानात पहिल्या दिवसापासून पडून होतं. चिरूट सागाच्या पेटीत गेले तेव्हा ते पातळ फळ्यांचं मूळ खोकं मी परत आणलं होतं आणि त्यावर आम्ही चहा ठेवायचो. एक दिवस करीमभाईंच्या हाताचा धक्का लागून गरम चहा त्यावर सांडला. फळी भिजली आणि दुकानात मंद, गोडसर वास पसरला. दोघंही वाकून हुंगायला लागलो. गिऱ्हाईक दारात उभं आणि दोन म्हातारपणाकडे झुकलेले गृहस्थ खोकं हुंगत बसलेले. करीमभाई म्हणाले, "मिस्त्री, ये तो तून है." तून म्हणजे लालसर, हलकं लाकूड, उत्तरेकडे त्याचं फर्निचर करतात. ज्यांनी चिरूट बनवले त्यांनीच ते कशात ठेवायचे हे सांगून पाठवलं होतं, आणि आम्ही त्यावर कप ठेवत होतो.

तून आमच्याकडे सहज मिळत नाही. करीमभाईंच्या मेहुण्याकडे बदली होऊन गेलेल्या कोण्या इंजिनियर साहेबाचं मोडकं कपाट पडलेलं होतं, त्याच्या फळ्या तुनाच्या निघाल्या. त्यांचं अस्तर मी आतून लावलं, पॉलिशचं एक बोटही लागू न देता. झाकण असं बसवलं की वरून सोडलं तर धप्पकन पडू नये. आतली हवा कडेकडेनं बाहेर ढकलत, सुस्कारा टाकत हळूच खाली बसावं. तो सुस्कारा आला की समजायचं, पेटी जमली.

मग पेटी तयार करायची. म्हणजे कोऱ्या लाकडालाच आधी पाणी पाजायचं, नाहीतर ते पहिल्यांदा चिरुटांतलीच ओल पिऊन टाकतं. स्वच्छ ओल्या फडक्यानं आतून पुसायचं, बंद ठेवायचं, दुसऱ्या दिवशी परत पुसायचं. लाकूड पाणी ओढेनासं झालं की पुरे. नंतर ओलाव्याची सोय. साहेब लोक स्पंज ठेवतात म्हणे. मी माठाचा तुकडा घेतला, भिजवून भोकं पाडलेल्या पितळी डबीत घातला आणि डबी झाकणाला आतून बसवली. पाणी उकळून गार केलेलं, कारण आमच्या विहिरींचं पाणी जड. त्याचे क्षार डबीवर पांढरे बसतात. पावसाळा लागला की तुकडा काढून ठेवायचा. आणि परीक्षा बोटांची. चिरूट दोन बोटांत हलकेच दाबला तर दबावा, सोडला की वर यावा, आणि कानाजवळ धरला तर त्यानं आवाज करू नये.

मृगाच्या आधी मी ही पेटी देऊन आलो. काही दिवसांनी गेलो तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "आता बरोबर." मला जन्मात मिळालेलं सर्वांत लहान आणि सर्वांत आवडतं सर्टिफिकेट ते.

पेटीचा बोलबाला केला तो बाईसाहेबांच्या धाकट्या दिरानं, तात्यासाहेबांनी. घरचा कारभार आता ते पाहत. भावजय भावाचे चिरूट जिवापाड जपते, ही गोष्ट त्यांना फार आवडली. आलेल्या पाहुण्याला ते पेटीपाशी नेत, बंद पेटी दाखवत आणि वहिनी रोज दुपारी या खोलीत एकटीच बसते म्हणून सांगत. पाहुणे हळहळत. मी तिथं असलो तर मी पण हळहळत असे, आणि मग सुस्कारा टाकणाऱ्या झाकणाविषयी माहिती देत असे. वडनेर भोलजीपर्यंत ही गोष्ट पोचली होती. तिथल्या एका सावकाराच्या बायकोनं म्हणे नवऱ्याला सुनावलं, तुम्ही गेल्यावर जपावं असं तुमच्याजवळ आहे काय.

भाद्रपदात एकदा मी न कळवता गेलो. पाऊस उघडला होता, माठाचा तुकडा परत घालायची वेळ झाली होती. मागच्या दाराशी सखू दाणे निवडत बसली होती. मला बघताच तिला खोकल्याची भयंकर उबळ आली. मी थांबून तिला अडुळशाचा काढा घ्यायला सांगितलं. ती आणखी जोरात खोकली. मी काढा कसा करायचा तेही सांगितलं. इतक्यात वाऱ्याची झुळूक आली आणि मला तो वास आला. पेटीतला बंद वास नव्हे, पेटलेल्या चिरुटाचा.

खिडकीतून दिसलं ते सांगतो. अण्णासाहेबांच्या आरामखुर्चीत बाईसाहेब बसल्या होत्या. पाय स्टुलावर. डोळे अर्धवट मिटलेले. हातात चिरूट, त्याची राख लांब आणि सरळ, जशी नीट राखलेल्या चिरुटाचीच राहते. मला आधी त्या राखेचाच अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगू. मग बाकीचं डोक्यात शिरलं.

मी सखूकडे बघितलं. तिचा खोकला थांबला होता. मी मुकाट्यानं वळसा घालून पुढच्या दाराशी गेलो, मिस्त्री आला आहे म्हणून मोठ्यानं हाक दिली आणि बराच वेळ वाट बघत उभा राहिलो. बाईसाहेब वेलदोडा चघळत बाहेर आल्या. त्या नेहमीच वेलदोडा चघळत येत. मोठ्या घरात तशी पद्धत असेल असं मी समजत होतो.

घरी येताना मला राग आला होता. माझी पतिव्रता मला कोणीतरी फसवून विकली, असं काहीसं वाटत होतं. मी बायकोला, यशोदेला, तेवढं सांगितलं. वाटलं, ती तोंडावर पदर घेईल. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. म्हणाली, "तुमी दिवसभर तंबाखू चघळता, तवा कोनी येऊन तुमची पिशवी पाह्यते काय?" मी हात धुऊन जेवायला बसलो. त्या दिवशी आमच्यात एवढंच बोलणं झालं, पण माझा राग भाकरीबरोबर गिळला गेला.

त्याच सुमारास माझ्या दैवानं मला एक मोठं काम दाखवलं. मलकापुरात जिनवाल्यांचा एक क्लब होता. तिथं चिरुटांसाठी कपाट करायचं होतं, माणसाच्या उंचीचं, खणाखणांचं. ठरवणार होते कापसाच्या गठाणी बांधणाऱ्या एका प्रेसचे मॅनेजर होरमसजी. मी त्यांच्या मागे लागलो की आधी माझी धामणगावची पेटी बघा आणि मग बोला. तात्यासाहेबांशी त्यांची ओळख होती. अण्णासाहेबांच्या वर्षश्राद्धाला त्यांना बोलावणं होतंच, ते मलाही सोबत घेऊन गेले. वाटभर मी त्यांना तुनाविषयी सांगत होतो. ते हूं हूं करत होते.

जेवणं झाली. बैठकीत गावातली प्रतिष्ठित माणसं पान खात बसली होती. मी दाराशी उभा होतो. तात्यासाहेबांना अचानक सुचलं की आज अण्णांच्या नावानं आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांचा एकेक चिरूट द्यावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांनी पेटी आणवली. मी छाती काढून पुढे झालो. झाकणाचा सुस्कारा होरमसजींना ऐकवायचा होता ना. बाईसाहेबांचं काय होईल हे माझ्या ध्यानात यायला झाकण उचललं जावं लागलं. तोवर मी फक्त सुतार होतो.

मी झाकण उचलून सोडलं आणि त्यानं सुस्कारा टाकला. होरमसजींनी भुवया वर केल्या, पसंतीनं. मग तात्यासाहेबांनी ते परत उघडलं, तर आत तळाला, एका कोपऱ्यात, थोडेसे चिरूट पडलेले होते.

तात्यासाहेब बराच वेळ पेटीत बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि आतल्या दाराकडे बघितलं. त्या खोलीत झाडलोट करणारी एकच बाई होती. ते हळू आवाजात म्हणाले, "सखू, इकडं ये." सखू पुढे आली. तिच्या तोंडावरून कळत होतं की तिला चोर म्हणून घराबाहेर काढलं तरी ती काही सांगणार नव्हती.

तेव्हा बाईसाहेब उंबरा ओलांडून बैठकीत आल्या. चार परक्या पुरुषांसमोर त्या घरातली बाई अशी येत नसे. त्या म्हणाल्या, "तिले काऊन इच्यारता? ते चिरूट म्या..."

"फेकाले लावले," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. मी पण माझ्याकडे वळलो असतो, जमलं असतं तर. एकदा तोंड उघडलं होतं, आता मागे जाता येत नव्हतं. मी सांगितलं की पेटीला कीड लागली होती. चिरुटांना टाचणीएवढी भोकं पडली होती. बाईसाहेबांनी मला दाखवलं आणि खराब झालेले फेकून द्यायला लावले. अण्णासाहेबांची वस्तू, म्हणून त्यांना कोणाला सांगवलं नाही. होरमसजींनी विचारलं की लाकूड तर बरोबर दिसतं, मग कीड कशी लागली. मी म्हटलं, लाकूड नीट वाळवलं नव्हतं. पाणी उकळलेलं नव्हतं. उन्हाळ्यात पेटी खिडकीशी ठेवायला मीच सांगितलं होतं. मी माझ्या पेटीचे असे काही दोष सांगितले की शेवटी शेवटी मलाच त्या सुताराचा राग यायला लागला.

बाईसाहेब माझ्याकडे बघत उभ्या होत्या. सखूच्या पाठीवर हात ठेवून त्या तिला आत घेऊन गेल्या.

तात्यासाहेबांनी मला त्या बैठकीत जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. दिवाळीचा अंक आहे. होरमसजींनी जाताना झाकण एकदा उचलून परत सोडलं, तो सुस्कारा ऐकला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की क्लबचं कपाट आता अकोल्याच्या कारखान्याला सांगावं लागेल. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला आजही माहीत नाही. अकोल्याचं कपाट मी नंतर पाहिलं. आतून पॉलिश होतं. पण माझं ऐकणार तरी कोण होतं?

तात्यासाहेबांनी ती गोष्ट तालुकाभर केली. भावजयीच्या निष्ठेची गोष्ट जितकी पसरली होती, तितकीच माझ्या अकलेचीही पसरली. वर्षभर माझ्याकडे पेटी म्हणून कोणी मागितली नाही, दाणे ठेवायलासुद्धा. करीमभाई अधूनमधून विचारत, "मिस्त्री, सच में कीडा लगा था?" मी हो म्हणायचो. त्यांना वाईट वाटायचं, कारण तून त्यांनी ओळखला होता. त्यांच्याशी खोटं बोलणं मला सगळ्यांत जड गेलं.

संक्रांतीनंतर सखू मलकापूरच्या बाजाराला आली ती माझ्या दुकानात शिरली. कपाटाची बिजागरी निखळली आहे, म्हणाली. तात्यासाहेब कोर्टाच्या कामानं बुलढाण्याला गेलेले होते. मी हत्यारं घेऊन गेलो. बिजागरी ठणठणीत होती.

बाईसाहेबांनी मला मागच्या पडवीत बसवलं आणि सरळ विचारलं की तुम्ही खोटं का बोललात. मी म्हटलं की पेटी माझी होती, तिच्याबद्दल काहीही बोलायचा मला हक्क आहे. त्या हसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत ते पुन्हा काहीतरी भलतंच होईल.

"मिस्त्री, शेवटची कैक वर्सं त्याईचे हात थरथरत होते. काडी धरता येत नसे. मंग म्या पेटवून द्यायची. पयला झुरका माहा, बाकी त्याईचा. ते गेल्यावर म्या पयल्यांदा पेटवला तो त्याईची आठवण म्हनून. रडली बी. दुसऱ्यांदा पेटवला, तवा कळलं का मले चिरूटच आवडते. आठवण तं चुलीपाशी बी येते. तिच्यासाठी धूर कायले पाह्यजे?"

मी मान हलवली. मग मी माझी अक्कल परत पाजळली. सुचवलं की पोथी ठेवायची पेटी करून देतो, खाली चोरकप्पा. त्या गंभीर झाल्या. देवाला यात ओढायचं नाही, म्हणाल्या. विचार करून त्यांनीच सांगितलं की औषधाची पेटी करा. कडू असतं म्हणून औषधाला घरात कोणी हात लावत नाही.

ती औषधाची पेटी माझ्या हातचं सर्वांत चांगलं काम. वरच्या खणात हिरडा, सुंठ, अडुळसा, सगळं खरं. खालचा खण तुनाचा, दांडी फिरवल्याशिवाय न दिसणारा, त्याचं झाकण पहिल्यापेक्षाही हळू सुस्कारा टाकणारं. ज्या कामानं माझं गेलेलं नाव परत आलं असतं, ते मला कोणाला दाखवता येत नव्हतं. फक्त करीमभाईंनी बाहेरून पॉलिश करताना ती दांडी फिरवली. आतला तून बघितला, हुंगला, बंद केला. त्या दिवसापासून त्यांनी कीड लागली होती का, हे विचारणं सोडलं.

चिरूट मी स्टेशनवरून आणून द्यायचो. बाजाराच्या दिवशी सखू येऊन 'औषध' घेऊन जायची. मी सुतार तर होतोच, आता वैद्यही झालो. तात्यासाहेब एकदा बाजारात भेटले तेव्हा मला ऐकवायच्या उद्देशानं म्हणाले की वहिनीनं दुसऱ्या कोणाकडून तरी औषधाची पेटी करून घेतली आहे, काय सुरेख काम आहे. मी म्हटलं, असेल. मला त्यांचं पहिल्यांदाच पटलं होतं.

बाईसाहेब पुष्कळ वर्षं जगल्या. सखू त्यांच्या आधी गेली. बाईसाहेब गेल्या त्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांतातून सुटून मुंबईला जोडला जाणार म्हणून गावोगाव बोलणी चालली होती. तात्यासाहेबही त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

पुढल्या उन्हाळ्यात माझ्या दुकानापुढे एक जीप थांबली. तात्यासाहेबांचा मुलगा बाहेर सिगारेट पेटवत उभा राहिला आणि त्याची बायको आत आली. शिकलेली, नाकीडोळी नीटस, अंगावर साधं लुगडं. बाईसाहेबांच्या शेवटच्या आजारात दुपारभर त्यांच्या खोलीत हीच बसायची, असं मी ऐकलं होतं. तिनं कापडात गुंडाळलेली औषधाची पेटी माझ्या बाकड्यावर ठेवली. म्हणाली, मोठ्या सासूबाईंची आहे, जरा दुरुस्त करून द्या. मी वरचा खण बघितला, कड्या बघितल्या, बिजागऱ्या बघितल्या. सगळं जागच्या जागी होतं. मी म्हटलं, यात बिघडलं काय आहे.

तिनं एकदा रस्त्याकडे बघितलं. मग दांडी न चुकता फिरवली आणि म्हणाली, "खालचं झाकण घट्ट बसत नाही हो मिस्त्रीकाका. ओल उडून जाते."

मी तिला बसायला स्टूल दिलं, हातातलं दुसऱ्याचं काम खाली ठेवलं, रंधा उचलला आणि तिच्या डोळ्यांदेखत झाकण नीट करून दिलं. त्याच दिवशी, त्याच बैठकीत काम हातावेगळं केल्याचं मलकापुरात आजवर कोणी माझ्याबाबतीत ऐकलेलं नाही.